पडद्यावरची काळी फोड

वळवाचे दिवस परत आले आहेत. कोरेगावच्या बाजारात दुपारी दोननंतर सावल्या फिकट होतात. कांदेवाले वर न बघताच ताडपत्रीचं टोक हाताशी ओढून ठेवतात. उगवतीला ढग उभा राहतो. आधी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा अगदी स्वच्छ, मग पाऊण तासात माथा सपाट होऊन ऐरणीसारखा पसरट. हवा थांबते. तापलेले पत्रे बारीक तडतडतात. कुत्री उभ्या टेम्पोंच्या खाली शिरतात.

अशा ढगाच्या पोटात काय चाललेलं असतं, ते मी काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात पडद्यावर पाहिलं. तेव्हा मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. त्या उन्हाळ्यावर मी दोन बातम्या दिल्या. दोन्ही अचूक होत्या.

तालुक्याच्या पूर्वेला एक उघडं पठार आहे. वर काळा कातळ, वाळलेली कुसळं आणि वारा, एवढंच. तिथं लोखंडी मनोऱ्यावर पांढरा गोल घुमट बसवलेला होता. घुमटाच्या आत एक मोठी थाळी फिरायची. एक फेरी संपली की मान जराशी वर, पुन्हा फेरी, पुन्हा मान वर. असं करत ती सगळं आभाळ थराथरानं तपासायची. तिच्यातून निघालेल्या लहरी थेंबांवर, गारांवर आपटून परत यायच्या. त्या परत कशा आल्या यावरून थेंब केवढे, किती लांब, आणि आपल्याकडे येताहेत की दूर चालले आहेत, हे कळायचं. पडद्यावर हलका पाऊस हिरवा, जोराचा पिवळा, गारा लाल. जिथं काही नाही तिथं काळं. यंत्राचं नाव डॉप्लर रडार. पायथ्याच्या गावानं त्याला अंडं म्हणायला सुरुवात केली होती.

रडारवर अनघा नावाची शास्त्रज्ञ होती, अकोल्याकडची. वळवाचा ढग किती वेळात वाढतो, कुठं फुटतो, हा तिचा अभ्यास. इशारे देणं हे तिचं काम नव्हतं आणि तसं ती स्पष्ट सांगायची. "मी ढगाची नाडी बघते. औषध माझ्याकडे नाही." राखणीला सर्जेराव होता, पायथ्याच्या गावचाच. तोफखान्यातून हवालदार होऊन परतलेला. पहाटे दाढी, पायात पॉलिश केलेले बूट, आणि बोलण्यात अंशाअंशाचा हिशोब. "तोफेचा एक अंश चुकला, की गोळा शेजारच्या गावात," असं तो कुणालाही, कधीही सांगायचा.

त्याची थोरली बहीण शालनआक्का सांगली जिल्ह्यात, तासगावच्या बाजूला दिलेली. तिची बेदाण्याची शेड होती. बेदाण्याची शेड ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: उघड्या माळावर लोखंडी खांबांचा लांबलचक सांगाडा, त्यात एकावर एक जाळ्यांचे कप्पे, कप्प्यांवर पसरलेली द्राक्षं. दोन्ही बाजूंना गुंडाळून ठेवलेले पडदे. वारा हवा म्हणून ते वर असतात, पाऊस आला की खाली सोडतात. सगळ्यांत वरच्या कप्प्यावर बायका चढून माल हलवतात. आदल्या वर्षी शेजारची एक शेड वावटळीत उलटली होती. वर असलेली बाई वाचली, पण नंतर कधी उठून बसली नाही. आक्कानं ते पाहिलं होतं. तिनं आपल्या शेडला नियम घातला: दुपारी तीनला सर्जाचा फोन आल्याबिगर वर कुणी चढायचं न्हाई.

पठारावर रेंज एकाच ठिकाणी मिळायची, कड्याजवळच्या एका उभ्या दगडापाशी. सर्जेराव पडदा बघायचा, घड्याळ बघायचा आणि त्या दगडापाशी जाऊन उभा राहायचा.

"आक्का, उगवतीकडनं येतंय. पडदं सोड. बायकास्नी खाली घे."

"पोचतंय कवा?"

"पाऊण तासात."

"आन् तुज्या अंड्यातनं पिल्लू कवा निघायचं रं?"

तो हसायचा. ती पडदे सोडायची. पाऊण तासात खरोखर वारा यायचा, कधी गारा. एका भावाची बहिणीला ही रोजची खबर होती. ती कुणी मागितली नव्हती, कुणी मना केली नव्हती. अनघानं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

त्या वर्षी पायथ्याच्या गावावर वळीव पडला नाही. ढग यायचा, डोक्यावर काळा व्हायचा आणि पांगायचा. असं पूर्वीही होत असे, पण पूर्वी पठारावर अंडं नव्हतं. पारावर बोलणं सुरू झालं: अंड्यातनं किरणं सुटत्यात, त्यानं ढग फाटतो. मग त्याला दुसरं पान फुटलं: हे बेदाणेवाल्यांनी बसवलंय, त्यांचा माल वाळंस्तवर त्यास्नी पाऊस नको. तिसरं पान सर्जेरावाच्या रोजच्या फोनचं होतं.

मी पठारावर जाऊन त्याला विचारलं. तो म्हणाला, "व्हय, करतो की फोन. माज्या भनीला करतो. त्यात काय लपवायचंय?"

दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'रडारमुळे ढग पांगतात?' शेवटी प्रश्नचिन्ह होतं. ज्या गोष्टीला पुरावा नाही ती छापण्याची ती आमची जुनी सोय. खाली मजकुरात एक वाक्य होतं की रडारवरील कर्मचारी रोज दुपारी तासगाव भागातील बेदाणा शेडवर दूरध्वनी करतो; त्याने स्वतः यास दुजोरा दिला. 'बहिणीच्या' हा शब्द मी लिहिला होता. जागेअभावी तो गेला. मी तक्रार केली नाही. अशा एका शब्दासाठी कुणी करत नाही.

गावानं अनघाला ग्रामसभेत बोलावलं. ती गेली. मारुतीच्या देवळापुढं सतरंजीवर माणसं, तिला खुर्ची. तिनं सोपं करून सांगितलं, "बॅटरीचा उजेड भिंतीवर टाकला, तर भिंत सरकते का? तसंच आहे हे. आम्ही ढगावर फक्त उजेड टाकतो."

पुढं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "आवं बाई, बॅटरीनं भित सरकत न्हाई, खरंय. पर उसातलं डुक्कर पळतं का न्हाई?"

सभा हसली. त्या हसण्यानंतर तिचं कुणी ऐकलं नाही. मीही ते वाक्य वहीत लिहून घेतलं, कारण ते चांगलं होतं.

सर्जेराव दिसला की माणसं आता हाक मारायची. "काय फौजी, वाळला का भनीचा बेदाणा?" "आमच्या हिरी मातूर आधीच वाळल्या." तो तसाच पुढं चालू लागायचा. पंधरा वर्षं सीमेवर राहिलेल्या माणसाला पारावरच्या बोलण्याचं काय, असं त्यालाही वाटत असावं. मग चैत्रातली जत्रा आली. सकाळी देवाची पालखी गावातून फिरते, प्रत्येक दारात थांबते, घरची बाई पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घालते. सर्जेरावाची बायको कळशी घेऊन उंबऱ्यावर उभी होती. पालखी शेजारच्या दारात थांबली, मग तिच्या दारावरून न थांबता पुढच्या दारात गेली. खांदेकऱ्यांनी पावलंसुद्धा वाढवली नाहीत. नेहमीच्या चालीनं गेले. ती कळशी घेऊन उभीच राहिली. गुलाल तिच्या पायरीपर्यंत उडाला होता.

तिसऱ्या दिवशी सर्जेराव अनघापुढं उभा राहिला. त्याच्या हातात निवृत्तीनंतर मुद्दाम विकत घेतलेलं होकायंत्र होतं. पाठपुराव्याची बातमी हवी म्हणून मीही तिथं होतो.

"मॅडम, आमच्या गावाच्या अंगाला तेवढं बंद करता येतं का?"

येत होतं. थाळी फिरत राहते, पण ठरवून दिलेल्या कोनात लहर सोडत नाही. अनघाला ते पटणारं नव्हतं. पण त्याच आठवड्यात कुणी तरी मनोऱ्याची वीजवाहिनी उकरून ठेवली होती. ती म्हणाली, "महिनाभर. कोणत्या कोनात?"

तो कड्यावर गेला. एक डोळा मिटून होकायंत्रातून आधी देवळाचा कळस धरला, मग गावाच्या दुसऱ्या टोकाची पाण्याची टाकी. दोनदा ताडून पाहिलं. परत येऊन ताठ उभा राहिला. "एकशे बेचाळीस ते एकशे चौपन्न. बारा अंश. गावाभाईर जरासुदिक न्हाई."

मी आकडे उतरवून घेतले. अनघानं ते यंत्राला सांगितले. पडद्यावरच्या गोलातून एक फोड निघून गेली. कलिंगडातून पहिली काढतात तशी, केंद्रापासून थेट काठापर्यंत. आम्ही तिघांनी ती पाहिली. फोड काळी होती. आभाळ निरभ्र असल्यामुळे बाकीचा गोलही काळाच होता, आणि नीट पाहिल्याशिवाय तिच्या कडा दिसत नव्हत्या.

पठारापासून गाव दोन किलोमीटर. तिथं बारा अंश म्हणजे चारशे मीटर, टाकीपासून कळसापर्यंत. तीच रेघ पुढं तशीच नेली तर सांगली जिल्ह्यात, ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर, बारा अंशांत सतरा-अठरा किलोमीटर मावतात. हे मी नंतर कार्यालयातल्या नकाशावर, शाळेतल्या कोनमापकानं काढलं. सातवीचं गणित आहे. हवालदारानं आयुष्यभर त्याहून अवघड केलं होतं. पण त्या सकाळी तो रेघ मारायला आला नव्हता, आपलं गाव मोजायला आला होता. गाव संपलं तिथं त्याचं मोजणं संपलं. अनघा त्या वेळी ईशान्येच्या ढगांच्या तयारीत होती. माझ्या वहीत 'कुठे' या प्रश्नापुढं गावाचं नाव लिहून झालं होतं.

आठ दिवस तीनचा फोन होत राहिला.

"आक्का, आज काय न्हाई."

"काय न्हाई? बरं हाय."

सहाव्या दिवशी ती म्हणाली, "हिकडं आभाळ आलंय की रं." त्यानं मनोऱ्याखालच्या रडारच्या खोपीत जाऊन पडदा पाहिला, परत दगडापाशी येऊन सांगितलं, "पडद्यावर काय न्हाई. जाईल निघून." आणि ते निघून गेलं. आभाळ तसंही पुष्कळदा निघून जातं. त्या दिवसानंतर आक्कानं वर बघणं सोडलं. शेडवरच्या बायकांना ती म्हणायची, "तुमचं डोळं ऱ्हाऊ द्या, माजा भाऊ बघतोय."

नवव्या दिवशी मी फोडीचा फोटो काढायला वर गेलो होतो. त्या दुपारी फोड स्पष्ट दिसत होती, कारण बाकीचं आभाळ भरलं होतं. ईशान्येला एक ढग तासाभरात असा वाढला की अनघानं जेवणाचा डबा उघडाच ठेवला. थाळीचं फिरणं मधूनमधून थांबवून ती त्याला खालून वर उभं चिरत होती. पडद्यावर त्याचा उभा छेद दिसत होता: मध्ये लाल खांब, वर पिवळा पिसारा, एका बाजूनं वर चढणारा वारा, दुसरीकडून कोसळणारा. "असा या वर्षी एकही मिळाला नव्हता," ती म्हणाली. तो ढग सुंदर होता. त्याखाली गाव नव्हतं, नुसता डोंगर होता. त्याचं चित्र पुढं तिच्या अहवालात आलं.

दुसऱ्या पडद्यावर आग्नेयेला एक हिरवा डाग फोडीच्या कडेपर्यंत आला आणि कडेवर संपला. सुरीनं कापल्यासारखा. मी त्याचाही फोटो काढला.

तीनला सर्जेराव दगडापाशी गेला. मी शेजारी होतो, सावली तेवढीच होती. पलीकडचा आवाज ऐकू येत होता.

"उगवतीला लय काळं दिसतंय रं सर्जा. वाराबी पडलाय."

"पडद्यावर न्हाई, आक्का."

"बायका चढंनात."

"तुज्या अंगावर काय न्हाई म्हणतोय न्हवं. चढ तू."

ती हसली. "चढते बाबा."

चारला त्यानं पुन्हा फोन लावला. असा दुसरा फोन तो कधी करत नसे. बहुधा तिचं 'लय काळं' त्याच्या मनात राहिलं असावं. कुणी उचलला नाही. साडेचारला उचलला नाही. त्यानंतर त्यानं नकाशा उघडून ती रेघ पुढं नेऊन पाहिली का, माहीत नाही; मी तेव्हा आत होतो. पाचलाच पायथ्याच्या गावावर, फोडीच्या अगदी टोकात, पाऊस उतरला. पठाराच्या कड्यावरून तो स्पष्ट दिसत होता: फक्त गावावर, टाकीपासून कळसापर्यंत जवळजवळ मोजून दिल्यासारखा. मातीचा वास वर आला. पाठोपाठ हलगीचा आवाज.

सरपंच आणि तीस-चाळीस माणसं भिजतच पठार चढून आली. गुलाल ओला होऊन त्यांच्या कानांमागून ओघळत होता. "बंद केलं आन् आला का न्हाई? आला का न्हाई, मॅडम?" सरपंच खोपीत डोकावून म्हणाले. त्यांच्या हातात फेटा, शाल, नारळ. "कुटं हाय आमचा फौजी? बोलवा!"

सर्जेराव दगडाकडून चालत येत होता. हातात फोन. त्याला मध्ये घेतलं आणि डोक्याला फेटा बांधायला सुरुवात झाली. बांधणारा हौशी होता, त्याला वेळ लागला. सर्जेराव ताठ उभा राहिला, हनुवटी किंचित वर, हात मांड्यांना चिकटलेले. शेमला पाठीवर सोडून झाला, तेव्हा तो बोलला.

"माजी आक्का गेली."

जवळच्यांना ऐकू गेलं. हलगीवाल्याला गेलं नाही. तो वाजवत राहिला.

शेड उलटली होती. बायका चढायला घाबरत होत्या, म्हणून आक्का आधी चढली. दोघी शिडीवर होत्या, त्या फेकल्या गेल्या आणि वाचल्या. आक्का लोखंडाखाली सापडली. गार झालेली द्राक्षं आणि गारा एकत्र बाजूला करून तिला काढावं लागलं, असं भाच्यानं फोनवर सांगितलं होतं.

"आरं, थांबवा ती हलगी," सरपंच म्हणाले. हलगी थांबली.  मग मागून कुणी तरी हळू आवाजात म्हणालं, "नारळ मातूर फोडून घ्या. आणलेला माघारी नेत न्हाईत." ते खरं होतं, नवसाचा नारळ माघारी नेत नाहीत. मनोऱ्याच्या लोखंडी पायावर तो फोडला. खोबऱ्याचे तुकडे फिरले. सर्जेरावानं उजवा हात पुढं केला आणि आपला तुकडा घेतला.

मी संध्याकाळी बातमी पाठवली. सातारा आवृत्तीत ती पहिल्या पानावर होती: 'रडार रोखताच वळीव बरसला!' या वेळी उद्गारचिन्ह. शालनआक्काची बातमी सांगली आवृत्तीत आली, एक स्तंभ, आठ ओळी, त्या कार्यालयानं दिलेली. दोन्ही आवृत्त्या एकाच छपाईयंत्रावर पाठोपाठ निघतात. साताऱ्याच्या वाचकाला सांगलीचं पान मिळत नाही. दोन्ही बातम्या एका पानावर लावा, असं मी सुचवू शकलो असतो. सुचवलं नाही. पहिल्या पानावर माझं नाव होतं.

अनघानं दुसऱ्या दिवशी बारा अंश पुन्हा उघडले. गावाला कळवलं नाही. वर्षभरात तिची बदली झाली. तो उन्हाळा संपेपर्यंत गावावर आणखी दोन वळीव पडले आणि त्यांचं श्रेय गावाच्या लेखी बंद असलेल्या रडारला मिळत राहिलं. पालखी आता सर्जेरावाच्या दारात इतरांपेक्षा जास्त वेळ थांबते. त्याची बायको पाणी घालते.

या वर्षी गावाला कुठून तरी कळलं की अंडं सगळीकडं बघतं. वळीव लांबलेला आहेच. गेल्या आठवड्यात नवे सरपंच आणि दहा-बारा माणसं अर्ज घेऊन पठारावर गेली. मी आता वार्ताहर नाही; जुनी ओळख म्हणून गेलो. सर्जेराव अजून राखणीला आहे. त्यानं अर्ज वाचला. आतून नकाशा आणला, कातळावर पसरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. पट्टी लावून कळसाची रेघ ओढली, मग टाकीची. थेट कागदाच्या कडेपर्यंत. मग दोन रेघांमधल्या गावांवर बोट ठेवत एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागला. हजेरी घेतात तसं. शेवटचं नाव आक्काच्या गावाचं होतं. तिथं बोट थांबलं.

 मग एक जण वाकून नकाशा नीट बघत म्हणाला, "पर ही समदी सांगलीतली हायती की रं."

"व्हय की," दुसरा म्हणाला. अर्ज नकाशावरच ठेवून ते उतरून गेले.

तीन वाजले होते. सर्जेराव उठून दगडापाशी गेला आणि भाच्याला फोन लावला. "वर चढू नका," एवढंच म्हणाला. तो रोज एवढंच सांगतो, ढग असो नसो. त्या दुपारी आभाळ निरभ्र होतं आणि पडदाही. पूर्ण गोल, कुठंही न कापलेला.

त्याच्या चार दिवस आधी मी तासगावच्या बाजूला गेलो होतो. नवी शेड जुन्या जागेवरच आहे, खांब जाड आहेत. भाचा सगळ्यांत वरच्या कप्प्यावर उभा राहून माल हलवत होता, सोबत पाच बायका. पडदे गुंडाळलेले होते. उगवतीला ढग उभा राहायला लागला होता. तीनला त्याचा फोन वाजला. त्यानं एका हातानं खांब धरला, दुसऱ्यानं फोन कानाला लावला.

"व्हय मामा," तो म्हणाला. "खालीच हाय."